राजकीय दडपणाच्या काळात शिशु-अध्ययनाचे संशोधन कसे सांभाळावे

अमेरिकेतील विद्यापीठांत बाळांच्या शिकण्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळांपुढे जानेवारी २०२५ नंतर, म्हणजे डोनाल्ड ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाल्यावर, जी संकटे उभी राहिली, त्यांतली बहुतेक इतर विज्ञानशाखांनाही भोगावी लागली. पण एक अडचण या क्षेत्राची खास स्वतःची आहे. अनुदान सहा महिने रोखले गेले तर अनेक शाखांत उपकरणे झाकून ठेवता येतात आणि काम पुढे सुरू करता येते. आठ महिन्यांचे बाळ मात्र सहा महिन्यांनी चौदा महिन्यांचे झालेले असते आणि मधल्या काळात त्याच्या भाषेत, स्मृतीत वा नजरेत काय घडले, हे नंतर कितीही पैसे आले तरी मोजता येत नाही. म्हणून या क्षेत्रात सावधगिरीची व्यवस्था संकट येण्याआधीच करावी लागते. तेथे पीएच.डी. वा पोस्टडॉक करणारे, किंवा नुकतीच स्वतःची लॅब उभारलेले मराठी संशोधक डोळ्यांसमोर ठेवून पुढील सूचना लिहिल्या आहेत. त्या वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाहीत.

आपला हक्क नेमका कोठे लिहिला आहे, ते शोधावे

अमेरिकेतील अकादमिक स्वातंत्र्याची कल्पना मुख्यतः अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेच्या १९१५ च्या जाहीरनाम्यावर आणि १९४० च्या निवेदनावर उभी आहे. संशोधन व प्रकाशन, वर्गातील अध्यापन आणि नागरिक म्हणून जाहीरपणे बोलणे हे तिचे तीन भाग मानले जातात. परंतु हे निवेदन म्हणजे कायदा नव्हे. सरकारी विद्यापीठाला संविधानाची पहिली, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणारी, दुरुस्ती थेट लागू होते. खासगी विद्यापीठात मात्र संरक्षण बहुधा नेमणुकीच्या करारातून आणि अध्यापकांच्या नियमपुस्तिकेतून येते. सरकारी नोकराने कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या बोलण्याला त्या दुरुस्तीचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये गार्सेटी खटल्यात म्हटले आणि अध्यापन-संशोधनाला ते लागू होते की नाही, हा प्रश्न मोकळा ठेवला. तेव्हा पहिले काम म्हणजे आपल्या विद्यापीठाची नियमपुस्तिका काढून आपला संवर्ग तिच्यात बसतो का, हे पाहणे. पोस्टडॉक आणि विद्यार्थी अनेकदा अध्यापकांच्या तरतुदींत बसत नाहीत, आणि हे त्यांना कळते ते गरज पडल्यावरच.

राज्याच्या कायद्याबाबतही ऐकीव माहितीवर विसंबू नये, मूळ मजकूर वाचावा. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या एसबी-१७ या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील विविधता-समावेशन कार्यालये बंद केली. पण वर्गातील अध्यापन आणि संशोधन यांना त्याच कायद्यात स्पष्ट सूट आहे. अशी सूट असूनही घाबरून स्वतःच काम गुंडाळणारे लोक असतात, आणि त्या गुंडाळलेल्या कामाची नोंद कोणत्याही न्यायालयात होत नाही.

प्रस्तावातील शब्द बदलावेत, अभ्यासात घ्यायच्या बाळांचा नमुना बदलू नये

संशोधकांची सर्वांत मोठी घालमेल येथे होते. २०२५ च्या सुरुवातीला नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी अनुदानसंस्थेतील अनुदाने शब्दांच्या याद्या लावून चाळली जात असल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या याद्यांत ‘बायस’, ‘बॅरियर’, ‘वीमेन’, ‘सोशिओइकॉनॉमिक’ असे शब्द होते. सिनेटर टेड क्रूझ यांच्या समितीने तर ३,४०० हून अधिक अनुदानांची यादीच प्रसिद्ध केली. आमच्या क्षेत्रात ‘बायस’ हा शब्द निव्वळ तांत्रिक अर्थानेही येतो: नवा शब्द ऐकल्यावर मूल तो रंगापेक्षा आकाराशी जोडते, त्याला ‘शेप बायस’ म्हणतात, आणि त्याचा राजकारणाशी सुतराम संबंध नाही. यंत्राला हे कळत नाही, आणि घाईत असलेल्या अधिकाऱ्यालाही ते कळेल याची खात्री नसते.

अशा वेळी शब्द बदलण्यात अप्रामाणिकपणा आहे का? माझ्या मते त्यासाठी एक साधी कसोटी पुरते. बदललेला मजकूर आपल्याच क्षेत्रातील अनोळखी तज्ज्ञाला वाचायला द्यावा आणि कोणत्या बाळांना बोलावणार, काय मोजणार आणि कशाची अपेक्षा आहे, हे विचारावे. उत्तरे पूर्वीसारखीच आली, तर बदल फक्त पेहरावाचा होता. परंतु त्या वाचनात कुटुंबांचा एखादा गट गळून पडलेला दिसला किंवा गृहीतक बोथट झालेले दिसले, तर आपण संपादन केलेले नसून संशोधन बदललेले आहे, आणि तसे करायचेच असेल तर ते वैज्ञानिक कारणासाठीच करावे.

नमुन्यातील वैविध्य ही या शास्त्राची जुनी गरज आहे. ती कोणत्याही सरकारी धोरणाने निर्माण केलेली नाही, याचे उदाहरण मराठी वाचकाला तर लगेच पटावे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांतील फरक ओळखता येतो, आणि दहा ते बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच ओसरते. ज्यांची तुलना केली त्यांत हिंदी आणि कॅनडातील एका मूलनिवासी भाषेचे ध्वनी नसते, केवळ इंग्रजीच असती, तर पहिल्या वर्षात कान भाषेनुसार घडत जातो, हा निष्कर्ष हाती लागलाच नसता. प्रस्तावात द्विभाषक किंवा स्थलांतरित कुटुंबे घेण्याचे कारण याच भाषेत लिहावे: कोणता प्रश्न त्यांच्यावाचून सुटत नाही, हे सांगावे. ‘समाजातील सर्व घटकांना प्रतिनिधित्व’ अशी ठरावीक वाक्ये पूर्वी अनुदानदात्यांना आवडत म्हणून लिहिली जात. ती तेव्हाही युक्तिवाद म्हणून लंगडीच होती.

अनुदानाचा जाहीर सारांश तर विरोधकच वाचणार आहे, असे धरून लिहावा. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७५ मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ हा उपहासाचा पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला मान प्रेमात पडण्यावरील ८४,००० डॉलरच्या अभ्यासाला दिला. ‘बाळ पडद्याकडे किती सेकंद पाहते’ हे मोजण्याची थट्टा करणे त्याहून सोपे आहे. म्हणून सारांशाच्या पहिल्या दोन वाक्यांतच सांगावे की बोलता न येणाऱ्या बाळाला काय कळते, हे समजून घेण्याचे नजर हे एक मुख्य साधन आहे. याच पद्धतीने १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी सिद्ध केले की आठ महिन्यांची बाळे केवळ दोन मिनिटे अखंड ध्वनिप्रवाह ऐकून त्यातील शब्दांच्या सीमा ओळखू लागतात.

मात्र सारांश आकर्षक करण्याच्या नादात फुगवू नये. अनुकूल राजकारणीही विज्ञानाचे नुकसान करतात: १९९३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेल्या मोत्सार्टच्या संगीताच्या एका छोट्या प्रयोगाच्या गाजावाजानंतर १९९८ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला अभिजात संगीत देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. त्या प्रयोगात एकही बाळ नव्हते.

याखेरीज प्रत्येक मसुद्याची तारखेसह प्रत ठेवावी, अनुदानसंस्थेच्या कार्यक्रम-अधिकाऱ्याने तोंडी सुचवलेला बदल ईमेलने त्यांनाच परत कळवून लेखी करून घ्यावा, आणि गृहीतक व विश्लेषणाची पद्धत विदा गोळा करण्यापूर्वी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदवून ठेवावी. निष्कर्ष राजकीय कलाने काढल्याचा आरोप कोणत्याही बाजूने झाला, तर ही आगाऊ नोंद सर्वांत उपयोगी पडते.

कोणी, कोणाच्या नावाने बोलावे

मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठात बालविकासावर पीएच.डी. करणाऱ्या रुमेसा ओझतुर्क यांना साध्या वेशातील अधिकाऱ्यांनी रस्त्यात ताब्यात घेतले. एक वर्षापूर्वी विद्यार्थी-वृत्तपत्रात गाझाविषयी विद्यापीठाच्या भूमिकेवर टीका करणाऱ्या लेखाच्या त्या सहलेखिका होत्या. त्यांना लुइझियानात ठेवले गेले आणि ९ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने सोडण्यात आले. मार्चमध्येच कोलंबिया विद्यापीठातील भारतीय संशोधक रंजनी श्रीनिवासन व्हिसा रद्द झाल्यावर कॅनडाला निघून गेल्या. ३० सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश विल्यम यंग यांनी निकाल दिला की अमेरिकेत कायदेशीररीत्या राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही अभिव्यक्तीचे तेच स्वातंत्र्य आहे. पण निकाल लागेपर्यंतचे आठवडे कोणाला कोठे काढावे लागतात, हे वरच्या उदाहरणांत दिसतेच.

व्हिसावर असलेल्याने गप्प बसावे, असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि बोलावेच असे सांगण्याचाही नाही. निर्णय त्या व्यक्तीचा. प्रयोगशाळा-प्रमुखाने फक्त तो निर्णय मोकळा राहील, हे पाहावे. लॅबच्या नावाने राजकीय निवेदन काढू नये, आणि काढलेच तर सही न करणाऱ्याचे नाव गाळल्यामुळे उठून दिसेल, अशी रचना तरी टाळावी. विद्यापीठाने संस्था म्हणून तटस्थ राहावे म्हणजे त्यातील माणसांना मोकळेपणाने मतभेद मांडता येतात, ही शिकागो विद्यापीठाच्या १९६७ च्या कॅल्व्हन अहवालातील भूमिका लहान लॅबला मोठ्या विद्यापीठापेक्षाही अधिक लागू पडते, असे मला वाटते, कारण सहा माणसांच्या खोलीत प्रमुखाचे मत हे दडपणच असते, ते कितीही उदारमतवादी असले तरी.

स्वतः व्हिसाधारक असाल तर दोन गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. आपला पगार कोणत्या अनुदानातून येतो, हे विभागाकडून लेखी घ्यावे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या धारकाची नोकरी गेल्यास देशात राहून पुढची सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आणि विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय व स्थलांतर कायद्याचा एक स्वतंत्र वकील, असे दोन्ही क्रमांक घरच्या माणसाजवळही असू द्यावेत, कारण ते कार्यालय अखेर विद्यापीठाचे असते.

कुटुंबांची माहिती

ज्या आईवडिलांनी तान्हे बाळ घेऊन लॅबमध्ये येण्याचे कबूल केले, त्यांचा विश्वास एकदा उडाला तर तो त्या परिसरात पुढील कित्येक वर्षे परत येत नाही. म्हणून जी माहिती प्रश्नासाठी लागत नाही ती विचारूच नये. स्थलांतराचा दर्जा तर कधीही नाही, आणि पालकांनी आपणहून सांगितला तरी टिपून ठेवू नये. नावांची सूची आणि विदा वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. सरकारी विद्यापीठातील ईमेल माहिती-कायद्याखाली मागवता येतात, तेव्हा कुटुंबांविषयीची चर्चा ईमेलवर नावानिशी करू नये.

बाळाच्या झबल्याच्या खिशात दिवसभर ठेवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रकांबाबत अधिक जपावे. त्यात बाळाच्या बडबडीबरोबर घरातले सगळेच बोलणे येते: भांडणे, कागदपत्रांची काळजी, मतदानाच्या गप्पा. नको असलेला भाग पुसण्याची सोय पालकांना द्यावी, आणि ती लॅबमधील कोणी काही ऐकण्यापूर्वी द्यावी.

‘हे सरकारला दिसेल का?’ असे पालक आता सरळ विचारतात, आणि त्यांना सरळ उत्तर द्यावे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ अर्थात एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या निधीवर चालणाऱ्या, ओळख पटू शकेल अशी माहिती गोळा करणाऱ्या संशोधनाला ऑक्टोबर २०१७ पासून गोपनीयतेचे प्रमाणपत्र आपोआप लागू होते, आणि त्यामुळे ही माहिती न्यायालयीन समन्सवरही उघड करता येत नाही. बालकांच्या छळाची माहिती कळवण्यासारखी काही कायदेशीर बंधने मात्र कायम राहतात, तेही सांगावे. एक बारकावा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो: निधी संपला तरी त्या काळात गोळा केलेली माहिती संरक्षितच राहते, पण त्यानंतर गोळा केलेल्या माहितीला ते संरक्षण आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि अनुदान रद्द झाल्यावर इतर स्रोतांतून काम चालू ठेवणाऱ्यांनी तो पहिल्या आठवड्यातच करावा.

अनुदान थांबलेच तर

अनुदान कागदोपत्री विद्यापीठाला मिळालेले असते, संशोधकाला नव्हे. म्हणून अपील विद्यापीठाच्या अनुदान-कार्यालयामार्फतच जाते. एनआयएचच्या नियमांनुसार पहिल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, तेव्हा विद्यापीठ आपणहून हालेल म्हणून वाट पाहू नये. केवळ न्यायालयांवर भिस्त ठेवण्यातही अर्थ नाही: जून २०२५ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयाने एनआयएचची कित्येक रद्दीकरणे बेकायदा ठरवली, आणि २१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले की पैशांचे दावे दुसऱ्याच न्यायालयात जायला हवेत.

दरम्यान नैतिकता समितीकडील मंजुरी बंद करू नये, कारण ती अनुदानावर अवलंबून नसते आणि नव्याने मिळवायला महिने जातात. पुढील आठ-दहा आठवड्यांत कोणती बाळे ठरलेल्या वयाला पोहोचतात, त्यांची यादी करावी आणि विभागाकडून मिळेल तो तात्पुरता निधी नवी कुटुंबे घेण्यावर न घालवता त्यांच्यावरच खर्च करावा. एखादी भेट हुकणारच असेल, तर बाळाला कोणते शब्द येतात याची, पालकांनी घरी भरायची शब्दसूची तरी वेळेवर मागवावी.

काम पूर्ण थांबले तर प्रत्येक कुटुंबाला पत्र पाठवावे, आणि ते विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाच्या भाषेत नसावे. अभ्यास का थांबला, आतापर्यंतच्या माहितीचे काय होणार, चित्रफिती कोण पाहू शकेल, त्या पुसून हव्या असतील तर कोणाला कळवावे, आणि कबूल केलेले मानधन कधी मिळेल, एवढे त्यात एका पानात असावे. हे पत्र पालक घरी ज्या भाषेत वाचतात त्या भाषेत करून घ्यावे, आणि खाली लॅबचा सामायिक पत्ता न देता उत्तर द्यायला बांधील असलेल्या माणसाचे नाव व फोन द्यावा.