विकास आराखड्यातील रोजगाराचा दावा कसा तपासावा

एखाद्या प्रदेशाच्या विकासाचा आराखडा हाती पडला की त्यात तीन आश्वासने हमखास एकत्र आढळतात: उत्पन्न वाढेल, रोजगार निर्माण होईल आणि प्रशिक्षण मिळालेल्या तरुणांमुळे समाजाचे चित्र पालटेल. पहिले झाले की दुसरे आणि दुसऱ्यापाठोपाठ तिसरे आपोआप येईल, असे गृहीत धरूनच बहुतेक आराखडे लिहिलेले असतात. प्रत्यक्षात यांतला प्रत्येक सांधा वेगवेगळा तपासावा लागतो. अशा आराखड्यावर ज्यांना मत द्यायचे आहे, लिहायचे आहे किंवा त्याच्या अंमलबजावणीत भाग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही तपासणीची पद्धत येथे मांडली आहे.

सुरुवात आकड्याच्या एककापासून करावी. समजा, एका प्रकल्पातून 10,000 रोजगार निर्माण होतील असे म्हटले आहे. तपशील मागितल्यावर कळते की त्यांतले 6,000 बांधकामाच्या 18 महिन्यांपुरते आहेत, 3,200 ‘अप्रत्यक्ष’, म्हणजे प्रकल्पाबाहेर पुरवठादार वगैरेंकडे निघणारे आहेत आणि प्रकल्प सुरू झाल्यानंतर टिकणारे फक्त 800 आहेत. या तिन्हींची बेरीज करणे म्हणजे दिवस आणि वर्षे एकाच रकान्यात मिळवणे होय. बांधकामाचे काम मनुष्यवर्षांत (एका माणसाचे एका वर्षाचे काम म्हणजे एक मनुष्यवर्ष) मांडले तर ते 9,000 मनुष्यवर्षे होते; प्रकल्पाचे आयुष्य 25 वर्षांचे धरले, तर ही बरोबरी सुमारे 360 कायम जागांशी होते. टिकणाऱ्या 800 जागांशी ताडून पाहण्याजोगा आकडा हा आहे. अप्रत्यक्ष रोजगाराचा आकडा कोणत्या गुणकाने, म्हणजे एका थेट जागेमागे बाहेर किती जागा धरून, काढला आणि तो गुणक कुठून घेतला, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा सरळ बाजूला ठेवावा. उरलेल्या जागांपैकी कायम किती, कंत्राटी किती, आणि कोणत्या कामाला किती शिक्षण लागते, ही माहिती लेखी मागावी. ती न मिळणे हेही एक उत्तरच असते.

त्यानंतर वाढीचा दर आणि रोजगार यांचा संबंध पाहावा. उत्पादन एक टक्क्याने वाढले असता रोजगार किती टक्क्यांनी वाढतो, या प्रमाणाला रोजगार लवचिकता म्हणतात. उत्पादनवाढ 6 टक्के आणि लवचिकता 0.2 असेल, तर रोजगार वर्षाला 1.2 टक्क्यानेच वाढेल. त्याच काळात काम मागणाऱ्यांची संख्या 1.8 टक्क्याने वाढत असेल, तर भरघोस वाढ होऊनही रांग लांबतच जाईल. मात्र लवचिकता जितकी अधिक तितके चांगले, असा निष्कर्ष काढू नये. ती एकच्या वर गेली तर वाढीव उत्पादनापेक्षा माणसेच अधिक वेगाने वाढली, म्हणजे दरडोई उत्पादकता घटली, असा अर्थ होतो, आणि घटत्या उत्पादकतेवर वेतन फार काळ वाढत नाही. म्हणून रोजगारवाढ आणि उत्पादकतावाढ हे दोन आकडे नेहमी शेजारी ठेवून वाचावेत.

बेरोजगारीच्या दराविषयी सावध राहावे. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार बेरोजगार ठरण्यासाठी तीन अटी एकत्र लागतात: काम नसणे, कामासाठी उपलब्ध असणे आणि काम शोधत असणे. शोधून थकलेला आणि शोध सोडून दिलेला माणूस या मोजणीतून बाहेर पडतो, त्यामुळे परिस्थिती बिघडत असतानाही दर घसरू शकतो. उलट बाजूने, संदर्भ आठवड्यात, म्हणजे पाहणीत ज्या आठवड्याविषयी विचारले जाते त्यात, वेतनासाठी वा नफ्यासाठी एक तास काम केलेली व्यक्तीही रोजगारात धरली जाते. याच कारणाने श्रमशक्ती सहभागाचा दर (काम करणाऱ्या वा शोधणाऱ्यांचे लोकसंख्येतील प्रमाण) आणि कामाचे तास पाहिल्याशिवाय या एका दरावर निष्कर्ष बांधू नये.

नव्या जागा कुठे निर्माण होणार, हेही महत्त्वाचे आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी 1970 मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार शहरात चांगल्या पगाराच्या जागा वाढल्या की त्या मिळण्याच्या आशेने जागांपेक्षा अधिक माणसे शहराकडे येऊ शकतात, आणि रोजगार वाढूनही शहरी बेरोजगारी वाढू शकते. बाहेरून येणाऱ्यांसाठी घरे, पाणी व शाळा यांची तरतूद ज्या आराखड्यात नाही, तो अर्धाच लिहिलेला आहे असे समजावे.

आता प्रशिक्षणाकडे वळू. सर्वाधिक पैसा आणि सर्वाधिक भाबडेपणा येथेच आढळतो. प्रशिक्षणाने माणूस कामास योग्य होतो. काम निर्माण होतेच असे नाही. म्हणून अभ्यासक्रमांची यादी वाचण्याआधी त्या कामासाठी माणसे घेणारा कोण आहे आणि त्याने प्रशिक्षणात स्वतःचे काय गुंतवले आहे, हे विचारावे. जर्मनीच्या दुहेरी व्यवसाय-प्रशिक्षण व्यवस्थेचे बळ यातच आहे. 1969 च्या कायद्याने तिला देशभर एकसमान चौकट दिली. त्या व्यवस्थेत शिकाऊ उमेदवार थेट आस्थापनेशी, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीशी, करार करतो, आठवड्याचा बहुतांश काळ तेथे आणि उरलेला व्यवसाय शाळेत घालवतो, आणि त्याचे विद्यावेतन आस्थापना देते. जागा निघते ती मालकाला गरज वाटते म्हणून. असा भागीदार नसेल तर प्रमाणपत्रे वाटली जातील, नियुक्तिपत्रे नव्हेत.

प्रशिक्षणाचा परिणाम मोजताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची नुसती तुलना फसवी ठरते. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी 1978 मध्ये अमेरिकेतील प्रशिक्षणार्थींच्या कमाईचा अभ्यास केला, तेव्हा प्रशिक्षणाच्या लगेच आधीच्या काळात त्यांची कमाई घसरलेली आढळली. कारण उघड आहे: काम सुटलेला माणूसच प्रशिक्षणाकडे वळतो. त्यातली काही कमाई प्रशिक्षणाविनाही भरून आली असती. म्हणून तशाच परिस्थितीतल्या, पण प्रशिक्षण न घेतलेल्या लोकांशी तुलना मागावी. आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो असा की प्रशिक्षितांना मिळालेल्या जागा नव्या होत्या, की दुसऱ्याच्या हातून गेल्या? फ्रान्समधील सुशिक्षित बेरोजगार तरुणांना दिलेल्या नोकरीसाहाय्याच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले, लाभार्थींचा काही फायदा इतर उमेदवारांच्या तोट्यातून आल्याचे दिसले, आणि कामाचा बाजार मंद असलेल्या भागांत हे अधिक प्रकर्षाने घडले. मंदीच्या भागात केवळ प्रशिक्षणावर भिस्त ठेवणाऱ्या आराखड्याला त्यामुळे दुप्पट कठोरपणे तपासणे योग्य होय.

सामाजिक बदलाचा दावा तपासताना दिशा उलटी असू शकते, हे लक्षात ठेवावे: काम दिसले की शिक्षण आणि चालीरीती बदलतात. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे नेमके उदाहरण आहे. दिल्लीच्या आसपासच्या ग्रामीण भागातील चिठ्ठीपद्धतीने निवडलेल्या गावांत तीन वर्षे तरुण स्त्रियांना कॉल सेंटरसारख्या कामांची माहिती आणि भरतीसाठी मदत देण्यात आली. त्या गावांतल्या तरुण मुलींचे त्या काळात लग्न होण्याचे वा मूल होण्याचे प्रमाण इतर गावांपेक्षा कमी राहिले, नोकरी किंवा पुढील शिक्षण याकडे त्या अधिक वळल्या, आणि लहान मुलींचे शाळेत जाण्याचे प्रमाणही वाढले. संधी खरी आणि डोळ्यांसमोर असणे येथे निर्णायक ठरले.

तरीही बदल सरळ रेषेत होत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या श्रमबाजारातील सहभागाचा दीर्घ इतिहास उलगडल्याबद्दल. अमेरिकेत शेतीकडून उद्योगाकडे जाताना विवाहित स्त्रियांचा सहभाग घटला आणि सेवाक्षेत्र वाढल्यावर तो पुन्हा चढला, असे त्यांनी दाखवले. घर आणि कामाची जागा यांतले अंतर वाढले की मुलांची देखभाल कोण करणार हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे आराखड्यात पाळणाघर, वाहतूक आणि कामाच्या पाळ्यांच्या वेळा यांचा उल्लेख शोधावा. ‘महिला सक्षमीकरण’ हा शब्द जागोजागी असून या तीन गोष्टी नसतील, तर त्या शब्दाला वजन देऊ नये.

शेवटी पाठपुराव्याची तरतूद मंजुरीआधीच लिहून घ्यावी. प्रशिक्षण संपल्यावर सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी त्याच व्यक्तींची नोंद व्हावी. त्यात काम, वेतन, करार लेखी आहे की नाही आणि काम सोडले असल्यास त्याचे कारण, एवढे रकाने पुरेत. अभ्यासक्रम अर्धवट सोडलेल्यांची नावे यादीतून वगळू देऊ नयेत, आणि ही नोंद प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने ठेवू नये. तिला ज्या निकालावर पुढचे अनुदान मिळते, तो निकाल तिनेच लिहिणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.