माळ्याच्या फळीचं टेबल

गुहागरकडचं आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्याची फणसाची एक जाड फळी हाताला लागली, काका म्हणाले चुलीत घाल, मी म्हटलं थांबा जरा.

पहिलं काम खिळे. लोहचुंबक फिरवून बघा, आत मोडका तुकडा राहिला तर रंध्याचं पातं गेलंच समजा (माझं गेलं). मग भोकं, खाली पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे, आधी औषध भरा. रंधा मारला की आतून हळदीसारखी पिवळी निघते, पुढे तपकिरी होते, घाबरू नका. पॉलिश पेपर 80, 120, मग 220 नंबरचा, म्हणजे खरखरीतकडून बारीककडे.

खरी गोम पुढे आहे. पावसाळ्यात फळी रुंदीला फुगते आणि पाऊस गेला की आकसते, म्हणून पायांच्या पट्टीला त्याच दिशेनं लांबट भोकं पाडा आणि वॉशर घालून स्क्रू लावा, फेविकॉलनं चिकटवलीत तर तडकेल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, खारी हवा साध्यांना खाते.

जवसाचं तेल दोन्ही बाजूंना लावा नाहीतर फळी वाकते, आणि तेलाची फडकी पसरून वाळवा, बोळा करून कोपऱ्यात टाकलीत तर आपोआप पेट घेऊ शकतात.