शेतात रेंज नाही? सिम बदलण्याआधी या चुका टाळा

गव्हाचं तिसरं पाणी होतं आणि लाईट रात्रपाळीची. वडिलांनी ओट्यावर बसून मोबाईल स्टार्टरला, म्हणजे फोन केल्यावर मोटार चालू करणाऱ्या सिमच्या पेटीला, फोन लावला, लागला नाही. ‘रेंज गेली असेल’ म्हणून तासभर थांबले, पुन्हा लावला. शेवटी बॅटरी घेऊन विहिरीवर गेले आणि हाताने मोटार चालू केली. दुसऱ्या दिवशी कळलं की पेटीतल्या सिमला चार महिने रिचार्जच मारलेला नव्हता, नंबर बंद पडला होता. रेंज तिथे चांगली होती.

आपण सगळ्यालाच रेंज म्हणतो. फोन लागेना, ओटीपी येईना, पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये लोकेशन दाखवेना, सगळ्यावर एकच उत्तर: रेंज नाही. पण बोलणं, मेसेज, इंटरनेट आणि लोकेशन या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यातली नेमकी कोणती अडली आहे हे आधी बघितलं, तर निम्मी धावपळ वाचते.

दांड्या मोजू नका, आकडा बघा

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्या प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या हिशोबाने दाखवतो. एकाच जागी माझ्या फोनला तीन आणि भावाच्या फोनला एक दांडी दिसते. त्यापेक्षा सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे ‘सिम स्टेटस’ उघडा. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसतो. तो उणे असतो, म्हणून ९५ हा ११० पेक्षा चांगला. फोर-जीला उणे ९० च्या आसपास असेल तर काम मस्त चालतं, ११० च्या पुढे रडतखडत, १२० ला संपलं.

हा आकडा घेऊन एकदा रानात फिरा. आमच्याकडे विहिरीच्या थारोळ्यापाशी उणे ११८ होतं आणि पन्नास पावलांवर बांधावर उणे १०१. दर दहाला सिग्नल दहापट होतो, म्हणजे पन्नास पावलांत जवळजवळ पन्नासपट फरक. आम्ही मात्र वर्षानुवर्षं थारोळ्यापाशीच उभे राहून ‘हॅलो, हॅलो’ करत होतो. पत्र्याचं शेड सिग्नल अडवतं. उभ्या उसात शिरलं की पानांतलं पाणी तो शोषून घेतं.

फोन फाइव्ह-जी शोधत बसला असेल तर बॅटरीही उतरते. शेतावर नेटवर्क ‘फोर-जी’ किंवा ‘फोर-जी/थ्री-जी/टू-जी’ करून ठेवलेलं बरं.

पुण्यातल्या पाहुण्याच्या सांगण्यावरून सिम घेणं

टॉवरवरून येणाऱ्या लहरी सारख्या नसतात. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडाझुडपांतून वाट काढतात. २३०० च्या लहरी शहरात वेग देतात, पण रानात लवकर दम टाकतात. तुमच्या टॉवरवर कोणत्या कंपनीचं काय लावलंय हे शेजारच्या बांधावरचा गडी पाहुण्यापेक्षा नीट सांगेल. नंबर घाईने पोर्ट करू नका, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेऊ नका. पुन्हा कंपनी बदलायची झाली तर ९० दिवस थांबावं लागतं. दुसऱ्या खाचेत नवं सिम महिनाभर वापरून बघा, घरी, गोठ्यात, विहिरीवर.

स्टार्टरच्या बाबतीत आणखी एक. जुन्या पेट्या टू-जीवर चालतात. त्यात फक्त फोर-जीवर चालणारं सिम घातलं तर टॉवरखाली नेऊन ठेवली तरी पेटी मुकीच. शिवाय ९० दिवस सिम वापरात नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. आमच्या पेटीच्या झाकणावर आता आतून खडूने रिचार्जची तारीख लिहिलेली असते.

पीक पाहणीत ‘लोकेशन येत नाही’

लोकेशन उपग्रहावरून येतं, टॉवरवरून नाही. इंटरनेट असेल तर ते पटकन सापडतं, नसेल तर वेळ लागतो, एवढाच फरक. आंब्याखाली किंवा शेडमध्ये उभं राहून फोन आपटण्यापेक्षा मोकळ्यात दोन-चार मिनिटं थांबा. अ‍ॅप उतरवणं, अपडेट, नोंदणी हे सगळं घरी नेट असताना उरकून ठेवा. शेतात पिकाचा फोटो काढून माहिती साठवता येते आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येते. गंमत अशी की बरेच जण फोटो काढून घरी येतात, फोन चार्जिंगला लावतात आणि अपलोड विसरतात. मग सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि शिव्या तलाठ्याला.

ओटीपीला इंटरनेट लागत नाही, साधा मेसेज आहे तो. फोन लागतोय आणि ओटीपी येत नसेल, तर आधारला जुनाच नंबर जोडलेला नाही ना, ते आधी तपासा. पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी (ओळख पटवण्यासाठी) २०२३ पासून अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवूनही काम होतं, ओटीपीची गरज नाही. खात्यातली शिल्लक बघायची तर बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावा, तेही बिननेटचं.

बाजारातला बूस्टर

दोन-तीन हजारांत मिळणारा बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे. तुमच्याकडे दांड्या वाढतात, पण तो टॉवरकडे गोंगाट फेकतो आणि अख्ख्या वाडीचे फोन तुटायला लागतात. त्याऐवजी सिमवर चालणारा फोर-जी राउटर घ्या, बाहेरचा अँटेना लागणारा मिळाला तर उत्तम. लांब वायर ओढू नका, वायरीतच सिग्नल जिरतो. राउटरच उंचावर ठेवा आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा.

‘नेटवर्क खराब आहे’ अशी तक्रार

लाईट गेल्यावर तास-दीड तासाने रेंज जात असेल, तर टॉवरची बॅटरी बसलेली असते. फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही. चार दिवस वेळा लिहून ठेवा, मग कंपनीच्या तक्रारीच्या १९८ नंबरला फोन करा: गाव, तारीख, लाईट कधी गेली, रेंज कधी गेली. डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागून घ्या. काम झालं नाही तर तोच नंबर दाखवून ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपिलात जाता येतं. तहसीलला सह्यांचं निवेदन द्या, जरूर द्या, पण डॉकेट नंबरांची यादी सोबत जोडली तर ते फायलीत नुसतं पडून राहत नाही.

आणि रेंज नसलेल्या गावालाच हमखास येणारा एक फोन असतो: ‘तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला एवढं भाडं, आधी नोंदणीचे पैसे भरा.’ ट्रायच्या, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावाचं, शिक्का मारलेलं पत्रही पाठवतात. ट्राय असली पत्रं देत नाही. टॉवरवाले जागेचं भाडं देतात, मागत नाहीत. पैसे भरून बसला असाल तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० ला फोन लावा, बांधावर जाऊन.