अंदमानात पाठीवर सॅक घेऊन: बेत बोटीपासून आखावा

अंदमानला निघालेल्या तरुणांचा बेत बहुधा किनाऱ्यांच्या यादीपासून सुरू होतो: राधानगर, काला पत्थर, भरतपूर, लक्ष्मणपूर. यादी करण्यात गैर काही नाही. परंतु टूर कंपनीविना, मोजक्या पैशांत आणि स्वतःच्या जबाबदारीवर फिरणाऱ्याने सुरुवात बोटींच्या वेळापत्रकापासून करावी. कोणत्या दिवशी कोणती बोट कुठे जाते, तिचे तिकीट केव्हा मिळते आणि हवामान बिघडल्यास हाती काय उरते, यांवरच इथले दिवस ठरतात. म्हणून दहा-बारा दिवस हाताशी असतील, तर पोर्ट ब्लेअरखेरीज दोनच बेटे निवडावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच बेटांना धावती भेट देणाऱ्याचा निम्मा वेळ जेट्टीवरच्या रांगेत जातो.

नावांची माहिती आधीच करून घ्यावी, कारण तिकिटांवर आणि फलकांवर जुनी-नवी दोन्ही नावे भेटतात. २०१८ पासून हॅवलॉक बेटाचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप आहे. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम करण्यात आले. बोलण्यात मात्र अजूनही जुनीच नावे सर्रास चालतात, म्हणून पुढे तीच वापरली आहेत.

जाण्यासाठी डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. मे महिन्यापासून नैऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरातील वादळांमुळे बोटी बंद राहण्याचा धोका असतो. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा टाळल्यास खोल्यांचे भाडे आणि गर्दी दोन्ही कमी होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रही बराच शांत असतो.

विमान सोयीचे आहे. वेळ भरपूर आणि पैसा बेताचा असेल, तर चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजाचा विचार करावा. चेन्नईपासून सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर कापायला जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. सर्वांत स्वस्त असतो तो बंक वर्ग, म्हणजे मोठ्या दालनातील एकावर एक रचलेल्या झोपायच्या जागा. महिन्यातून मोजक्याच फेऱ्या असल्यामुळे जहाजाची तारीख पक्की झाल्यावरच रेल्वेचे आरक्षण करावे. बोट लागत असेल त्याने गोळी हेलकावे सुरू होण्यापूर्वीच घ्यावी आणि शक्य असल्यास जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची जागा मागावी, कारण तिथे हलणे सर्वांत कमी जाणवते.

बेटांमधील प्रवासासाठी खासगी वेगवान बोटी आणि सरकारी फेरी असे दोन पर्याय आहेत. खासगी बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड तासाच्या आसपास पोचते आणि तिचे तिकीट हजाराच्या वर जाते. सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, तिला अडीच तासांच्या आसपास लागतात, पण ती बरीच स्वस्त पडते आणि तिच्या डेकवर उभे राहता येते, जे बंद काचांच्या वातानुकूलित बोटीत सहसा जमत नाही. तिकिटासाठी फोटो असलेले ओळखपत्र लागते, ते मूळ स्वरूपात जवळ ठेवावे. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: ही फेरी बेटांवरच्या लोकांची एसटी आहे. तिच्यातून रुग्ण, परीक्षेला निघालेली मुले, भाजीच्या करंड्या आणि गॅसच्या टाक्या जातात. त्यामुळे सॅक बाकावर न ठेवता पायाशी ठेवावी आणि जागा अडवू नये.

सॅक चाळीस लिटरच्या वर नसावी. दमट हवेत जाड टॉवेल दोन दिवस वाळत नाही, म्हणून सुती पंचा न्यावा. पायांत मागे पट्टा असलेले फ्लोटर्स हवेत, कारण डुंगीतून, म्हणजे इथल्या लहान मोटरबोटीतून, उतरताना अनेकदा गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. कागदपत्रे आणि फोन यांसाठी पाणी न शिरणारी पिशवी, टॉर्च, ओआरएसची पाकिटे, जंतुनाशक मलम आणि पुरेशी रोख रक्कम एवढे आवश्यक. समुद्राखालून टाकलेली चेन्नई-अंदमान केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरी लहान बेटांवर ऐन वेळी यूपीआय अडते आणि एटीएम मोजकीच आहेत.

हॅवलॉकला गोविंदनगर आणि विजयनगर भागांत स्वस्त झोपड्या आणि हॉस्टेल मिळतात. भाड्याची स्कूटर घेतली की राधानगरचा पश्चिमाभिमुख किनारा, काला पत्थर आणि जंगलवाटेने एलिफंट बीच हे सगळे आवाक्यात येते. नील लहान आणि बरेचसे सपाट आहे, तिथे सायकल पुरते. पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवणारे हे शेतकऱ्यांचे बेट आहे आणि फाळणीनंतर येऊन वसलेल्या बंगाली कुटुंबांच्या खाणावळींत माशाची थाळी उत्तम मिळते. गर्दी अजिबात नको असेल, तर दुसरे बेट म्हणून लाँग आयलंड घ्यावे, किंवा सर्फिंगसाठी लिटल अंदमानचे हट बे गाठावे. मात्र हट बेची बोट सहा ते आठ तास घेते. किनाऱ्यावर परवानगीशिवाय तंबू ठोकू नये.

दिवसाची आखणी सूर्य आणि भरती-ओहोटी पाहून करावी लागते. ही बेटे मुंबईच्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला असूनही घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचपर्यंत अंधार होतो. पहाटे उठणाऱ्यालाच इथे पूर्ण दिवस मिळतो. भरती-ओहोटीच्या वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, म्हणून त्या आदल्या संध्याकाळी विचारून घ्याव्यात. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच पाहावा. पाणी मागे हटले की खडकांच्या खळग्यांत अडकलेले निळे-हिरवे छोटे मासे, काळ्या समुद्रकाकड्या आणि अर्धवट उघडलेले, जांभळ्या कडांचे मोठे शिंपले वाकून अगदी जवळून पाहता येतात. त्यांना बोटही लावू नये, आणि पाय केवळ वाळूवर किंवा उघड्या खडकावर टाकावा. पाण्याखाली पायाला जे खडबडीत लागते ते जिवंत प्रवाळ असू शकते. पोहण्यासाठी मात्र नील आणि विजयनगरला भरतीची वेळ बरी, कारण ओहोटीला तिथे पाणी फार दूर जाते.

खाऱ्या पाण्यातील मगरी या बेटांवर आहेत आणि २०१० मध्ये हॅवलॉकला एका पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीचे मुख, खारफुटी आणि इशाऱ्याचा फलक असलेली जागा यांपासून दूर राहावे, आणि अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये. ओढीच्या, म्हणजे समुद्राकडे खेचणाऱ्या, प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर यावे. वाळूवर संध्याकाळी सँडफ्लाय, म्हणजे बारीक माश्या, चावतात. पायांना खोबरेल तेलाचा जाडसर हात लावण्याचा उपाय अनेक जण करतात. चावल्यावर खाजवणे कटाक्षाने टाळावे, कारण या हवेत जखम लवकर चिघळते.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणे, करायचे असेल, तर ते मुक्कामाच्या पूर्वार्धात उरकावे. एकापेक्षा जास्त वेळा डुबी घेतल्यावर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, असा सुरक्षेचा नियम आहे, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो.

बाराटांग बेटावरच्या चुनखडी गुहांची सहल अनेक एजंट आग्रहाने विकतात. तिचा नेहमीचा रस्ता जारवा या आदिवासी समाजाच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडल्या जातात आणि वाटेत थांबणे, फोटो काढणे, खाऊ देणे हे सारे गुन्हे आहेत. तरीही ‘वाटेत जारवा दिसतील’ असे आमिष दाखवले जाते, हे मला अत्यंत लाजिरवाणे वाटते. काहीशे लोकांच्या या समाजाला बाहेरून आलेला साधा गोवरही घातक ठरू शकतो. ही सहल वगळावी. रंगत किंवा लाँग आयलंडला जायचे असल्यास समुद्रमार्गे जावे. निकोबार पर्यटकांसाठी खुले नाही, आणि सेंटिनेली आदिवासींच्या नॉर्थ सेंटिनेल बेटाच्या जवळ जाण्यासही कायद्याने मनाई आहे.

शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरसाठी राखावेत. परतीचे विमान आणि बेटावरून येणारी बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नये, कारण बोट रद्द झाल्यास विमानाचे पैसे बुडतात. या राखीव वेळात सेल्युलर जेल घाई न करता पाहता येते. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीन उभ्या आहेत. मराठी माणूस सावरकरांची कोठडी पाहायला जातोच. त्याने तिथे कोरलेली बंगाल आणि पंजाबातील कैद्यांची नावेही सावकाश वाचावीत. सामान बांधताना शंख, शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा सॅकमध्ये नाही ना, हे एकदा तपासावे. विमानतळावर ते तपासणीत सापडतात आणि वन्यजीव कायद्याखाली कारवाई होऊ शकते.