चिऱ्यांच्या घरात वायफायवरून फोन कसा लावावा, आणि वायफायला कुलूप कसे घालावे

गोव्यात सत्तरी, सांगे किंवा काणकोणातील जुन्या घरांत राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: अंगणात फोनला पुरेशी रेंज असते, ओटीवर ती निम्मी होते आणि माजघरात पोचेपर्यंत नाहीशी होते. चिऱ्याची भिंत जाड असते, पावसाळाभर ती ओल धरून ठेवते, आणि ओल्या भिंतीतून मोबाइलच्या लहरी आणखीच क्षीण होऊन आत येतात. सत्तरीतील माझी मावशी दोन पावसाळे तुळशीवृंदावनापाशी छत्री धरून मुलाशी बोलत असे. घरात फायबरचे चांगले इंटरनेट होते, तरीही. तिच्या फोनवर वायफाय कॉलिंग सुरू केले तेव्हापासून नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कित्येक फोन माझ्या हाताखालून गेले आहेत, आणि या विषयावर लोकांना जे सल्ले दिले जातात त्यांतील निम्मे निरुपयोगी व काही घातक आहेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

वायफाय कॉलिंग म्हणजे व्हॉट्सॲपचा कॉल नव्हे. यात आपल्याच सिमवरचा, आपल्याच नंबरचा नेहमीचा कॉल टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून कंपनीपर्यंत जातो. समोरच्याकडे साधा फोन असला तरी तो लागतो. भारतात ही सेवा 2019 च्या डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, म्हणून त्याआधीच्या फोनमध्ये ती असेलच असे नाही. फोनचे सॉफ्टवेअर आधी अद्ययावत करावे आणि मगच पुढे जावे.

प्रथम कुलूप. राउटरच्या मागे चिकटवलेल्या लेबलवर त्याचा पत्ता असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1. तो ब्राउझरमध्ये टाकून आत जावे आणि राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड सर्वांत आधी बदलावा. वायफाय सुरक्षेच्या यादीत कूटबद्ध करण्याचे वेगवेगळे प्रकार दिसतात, त्यांतून डब्ल्यूपीए2 एईएस निवडावे. घरातील सगळे फोन नवे असतील तर डब्ल्यूपीए3. दोन्हींचा मिश्र पर्याय निवडल्यावर एखादा जुना फोन सारखा तुटू लागला, तर निमूटपणे डब्ल्यूपीए2 एईएसवर परत यावे. याच यादीतील जुन्या प्रकारांपैकी डब्ल्यूईपी 2001 मध्येच मोडले गेले होते आणि टीकेआयपीही कालबाह्य आहे. या दोहोंना हात लावू नये. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी पिनने किंवा कळ दाबून फोन जोडण्याची सोय, बंद करावे, कारण त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे 2011 पासून जगजाहीर आहे.

पासवर्डबाबत मी हट्टी आहे. जोडणी करून देणारा माणूस घरमालकाचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून ठेवून जातो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. डब्ल्यूपीए2 मध्ये फोन जोडला जात असतानाची देवाणघेवाण बाहेरच्या माणसाला टिपून ठेवता येते आणि मग स्वतःच्या संगणकावर बसून सवडीने पासवर्ड जुळवून पाहता येतात. दहा आकड्यांचा नंबर अशा जुळवाजुळवीपुढे टिकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत. आपल्या घरातील माणसांना पटकन आठवतील पण शेजाऱ्याला सुचणार नाहीत असे शब्द निवडले, तर आजीलाही तो पासवर्ड सांगता येतो. चवथीला घर माणसांनी भरते आणि गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून होण्याच्या आत पाच जणांनी पासवर्ड विचारलेला असतो. त्यांच्यासाठी राउटरमधील गेस्ट नेटवर्क सुरू करावे आणि विसर्जनानंतर बंद करावे.

नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला मात्र अजिबात मानू नये. लपवलेले नाव साध्या साधनांनीही दिसते. उलट आपलाच फोन पणजीच्या बसस्टँडवरही त्या नावाला हाका मारीत राहतो. ठरावीक मॅक पत्त्यांनाच, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकांनाच, प्रवेश देण्याची युक्तीही आता कुचकामी आहे, कारण 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून फोन वायफायला आपला खरा पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात; त्या गाळणीत चोर अडकत नाही, घरचाच माणूस अडकतो.

फोनवरचा भाग सोपा आहे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधील नेटवर्क किंवा कनेक्शन्समध्ये, नाहीतर आपल्या सिमच्या पानावर, वायफाय कॉलिंग सापडते. आयफोनवर ते मोबाइल सेवेच्या पानावर असते. व्होल्टीई, म्हणजे 4जी नेटवर्कवरून बोलण्याची सोय, सुरू असावे. दोन सिम असतील तर प्रत्येकासाठी ही कळ स्वतंत्रपणे सुरू करावी लागते.

ज्या टप्प्यावर मी स्वतः चार दिवस अडकलो होतो, तो याच्या पुढे येतो. मावशीच्या राउटरला भक्कम करण्याच्या उत्साहात मी फायरवॉलची, म्हणजे राउटरमधून काय आत-बाहेर जाऊ द्यायचे ते ठरवणाऱ्या पहाऱ्याची, पातळी 'हाय' केली होती. इंटरनेट उत्तम चालत होते, व्हॉट्सॲपवर तिचा मुलगा स्पष्ट दिसत होता, वायफाय कॉलिंगची कळ सुरू होती, पण पडद्याच्या वरच्या पट्टीत वायफाय कॉलची खूण काही उमटत नव्हती. मी सिम काढून पुन्हा घातले, फोन दहा वेळा बंद-चालू केला, आणि कोणीतरी सांगितले म्हणून नेटवर्क सेटिंग्ज रीसेटही केल्या. त्या रीसेटने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या गेल्या, मावशीचे श्रवणयंत्र फोनपासून तुटले, आणि मूळ दोष जागच्या जागी राहिला. तेव्हापासून पहिला उपाय म्हणून रीसेट सुचवणाऱ्याचे मी ऐकत नाही, आणि वाचकांनीही ऐकू नये.

कारण असे होते. वायफाय कॉलिंग सुरू होताना फोन कंपनीच्या दारापर्यंत आयपीसेक नावाचा एक बंदिस्त, कूटबद्ध बोगदा खणतो. त्यासाठी तो आधी यूडीपी पोर्ट 500 वरून, म्हणजे इंटरनेटवरील त्या क्रमांकाच्या वाटेवरून, कूटबद्धतेच्या चाव्यांची देवघेव करतो आणि, घरच्या राउटरमागे असल्यामुळे, लगेच यूडीपी पोर्ट 4500 वर सरकतो. कित्येक राउटरांची 'हाय' पातळी वेबपाने, मेल अशा मोजक्या सेवांनाच बाहेर जाऊ देते आणि बाकी सगळे गुपचूप टाकून देते. फोनला उत्तर येत नाही, तो थोडा वेळ थांबतो आणि मुकाट्याने टॉवर शोधू लागतो. पडद्यावर बिघाडाचा एक शब्दही येत नाही. ब्राउझर आणि व्हॉट्सॲप वेगळ्या वाटेने जात असल्यामुळे त्यांच्याकडे पाहून या बोगद्याविषयी काहीही कळत नाही.

दोष फोनचा की राउटरचा, हे ठरवायला एकच चाचणी पुरते, आणि ती मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर चार दिवस वाचले असते. जिथे रेंज आहे अशा जागी, म्हणजे अंगणात, दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट सुरू करावा. आपला फोन एरोप्लेन मोडवर टाकावा, त्यात फक्त वायफाय पुन्हा सुरू करावे आणि त्या हॉटस्पॉटला जोडून एक-दोन मिनिटे थांबावे. खूण उमटली आणि कॉल लागला तर फोन, सिम आणि कंपनीची सेवा तिन्ही ठीक आहेत आणि दोष घरच्या राउटरमध्ये किंवा जोडणीत आहे. इथेही खूण उमटली नाही, तर राउटरला हात न लावता कंपनीच्या ग्राहक सेवेला त्या सिमवर सेवा सुरू आहे का, आणि फोनचे ते मॉडेल चालते का, असे विचारावे. चाचणीपूर्वी फोनमधील व्हीपीएन, म्हणजे फोनचे इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारे ॲप, बंद करायला विसरू नये. त्याच्यामुळेही नेमके हेच लक्षण दिसते. मावशीच्या तुळशीपाशी उभे राहून मी ही चाचणी केली आणि अर्ध्या मिनिटात खूण आली.

मग राउटरमध्ये जाऊन फायरवॉल मधल्या पातळीवर आणावी, आयपीसेक पासथ्रू किंवा व्हीपीएन पासथ्रू असा पर्याय असेल तर तो सुरू करावा, आणि राउटर एकदा बंद करून चालू करावा. एवढेच करावे. याच ठिकाणी लोक पोर्ट फॉरवर्डिंग करायला (बाहेरून येणाऱ्यासाठी एखादे पोर्ट उघडायला) किंवा फोन डीएमझेडमध्ये (राउटरच्या पहाऱ्याबाहेर) टाकायला सांगतात, आणि त्याबद्दल मला मनापासून राग आहे. बोगदा आतून बाहेर खणला जातो. बाहेर जाण्याची मुभा असली की परतीचे उत्तर राउटर आपोआप आत घेतो. बाहेरून आत येणारे दार उघडून कॉलला काडीचाही फायदा होत नाही, घर मात्र उघडे पडते. वायफाय ओपन ठेवल्याने कॉल सुधारतो, हाही निव्वळ भ्रम आहे. पासवर्ड आणि एईएस हे खरे कुलूप आहे, ते कितीही भक्कम असले तरी कॉलला आडवे येत नाही.

खूण उमटूनही कॉल टॉवरवरूनच जात असतील, तर फोन माजघरातील त्या अर्धमेल्या रेंजला चिकटून बसला आहे असे समजावे. वायफाय कॉलिंगच्या पानावर प्राधान्याचा पर्याय असल्यास वायफायला प्राधान्य द्यावे. पुष्कळ फोनांत तो पर्याय नसतो. अशा वेळी घरात असताना एरोप्लेन मोड आणि वायफाय असे ठेवावे, पण त्या अवस्थेत बँकेचा ओटीपी येतो की नाही हे आधी तपासून पाहावे, आणि उंबरठा ओलांडताना मोड न विसरता काढावा.

चिऱ्याच्या घरात कॉलसाठी 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. 5 गिगाहर्ट्झ वेगवान असला तरी एका भिंतीपलीकडे तो फार लवकर क्षीण होतो.

शेवटची गोष्ट विजेची. पावसाळ्यात वीज गेली की वायफाय जाते आणि त्याबरोबर माजघरातील फोनही मुका होतो, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी राउटरला आणि, तो वेगळा असल्यास, फायबरच्या डब्यालाही द्यावी. नुसत्या राउटरला दिलेली पुरत नाही. एरोप्लेन मोडवर असलेला फोन अशा वेळी कोणाच्याही हाताला लागत नाही, तेव्हा वीज जाताच तो मोड काढण्याची सवय घरातील वडीलधाऱ्यांना लावावी. आणि 112 वर फोन करताना वायफायवरून गेलेल्या कॉलमधून आपली जागा नेमकी कळेल असे गृहीत धरू नये: तालुका, गाव, वाडा आणि जवळच्या देवळाचे नाव पहिल्याच वाक्यात सांगावे. मावशीच्या फोनशेजारी भिंतीवर हे चार शब्द मी मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहेत.