टिप सारखी उडतेय? या चुका टाळा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या छोट्या लेथ शॉपमध्ये सकाळी यंत्रमागाचा शाफ्ट येतो, दुपारी बीडाचं (कास्ट आयर्नचं) गिअर, संध्याकाळी गनमेटलचा बुश. टूलपोस्टला असलेली टिप, म्हणजे धातू कापणारा तुकडा, बदलायचा कंटाळा, मग तिन्ही जॉब तिच्यावरच. इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या टिपच्या) डबीवरचे रंग शोभेला नसतात: निळा स्टीलला, पिवळा स्टेनलेसला, लाल बीडाला, हिरवा ॲल्युमिनियम-पितळेला, राखाडी हार्डन केलेल्या जॉबला. बीडाची साधी, कोटिंग नसलेली टिप स्टीलवर चालवली की माथ्यावर चिप (कापलेला कीस) घासून खळगा पडतो आणि धार खचते.

याहून मोठी चूक म्हणजे जुन्या बेल्टच्या लेथवर हट्टाने कार्बाइडची कडक टिप वापरणं. मशीन जेमतेम ५०० आरपीएम देतं आणि शाफ्ट २५ मिमीचा, म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला साधारण ३९ मीटर. स्टीलवर कोटेड कार्बाइड १५० च्या आसपास खुलतं. इतक्या कमी वेगात धातू धारेला चिकटतो आणि सुटताना टवका घेऊन जातो. इथे ताजी धार लावलेलं एचएसएस (हाय स्पीड स्टील), मिनिटाला २५-३० मीटर आणि भरपूर कूलंट. त्यात कमीपणा कसला? मात्र एचएसएस ६०० अंशांच्या पुढे मऊ पडतं, त्यामुळे त्याला पळवू नका.

ब्रेझ केलेली (दांड्यावर पितळेने जोडलेली) कार्बाइड टिप हिरव्या सिलिकॉन कार्बाइड चाकावर लावा. तापल्यावर एचएसएससारखी पाण्यात बुडवली की बारीक तडे जातात, पण दिसत नाहीत. मग टिप जॉबवर फुटते आणि बोल मात्र दुकानदाराला.

गाळप संपल्यावर साखर कारखान्यांचे रोलर येतात. बीडाच्या शेलवर, दातांवर आर्किंगचे (वेल्डिंगने दिलेले) कडक डाग आणि कट तुटक. इथे के-१० हा बीडाचा ग्रेड लावून टवके मोजत बसू नका. ग्रेडचा आकडा वाढतो तशी टिप चिवट होते, म्हणून के-३० घ्या आणि स्पीड उतरवा. पहिला कट साल फोडून आत जाईल इतका खोल हवा. वरवर खरवडलं तर धार कडक सालीवरच घासत राहते.

स्टेनलेसवरही तेच: फीड (दर फेऱ्याला टूल सरकणं) फार कमी ठेवलं की पृष्ठभाग घासून आणखी कडक होतो. ॲल्युमिनियमला पॉलिश केलेली, बिनकोटिंगची धारदार टिप हवी; टायटॅनियम-ॲल्युमिनियम कोटिंगला तो धातू चिकटतो.

आणि पीसीडी (कृत्रिम हिऱ्याची टिप) कितीही महाग असलं तरी स्टीलवर नको. उष्णतेत हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळतो. कडक स्टीलला सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड), तेही कडकपणा साधारण ४५ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) वर असेल तर. मऊ शाफ्टवर ते वाया जातं.