राउटरवर प्लाय कापताना या चुका टाळा

सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर) प्लायचे भाग कापायचे आणि एकमेकांच्या खाचांत ठोकून भिंती, छत उभं करायचं, ही पद्धत लंडनमध्ये २०११ साली सुरू झालेल्या विकीहाउस या खुल्या आराखड्यांच्या प्रकल्पामुळे जगभर पोचली. असं बांधकाम सोडवून पुन्हा वापरता येतं, म्हणून ते मला मोलाचं वाटतं. पण सांधा सैल निघाला की गोंद येतो, आणि सोडवायची सोय तिथेच संपते.

बहुतेक घोटाळा जाडीत होतो. फाइलमध्ये १८ मिमी असतं. १८ म्हणून आणलेली शीट मोजली तर १७.४ भरू शकते, शेजारची १८.३. पावसाळ्यात दमट गोदामात राहिलेली तर कडांना फुगलेलीच असते. म्हणून शीट हातात आल्याशिवाय खाचा पक्क्या करू नका. व्हर्नियरने प्रत्येक शीट चारही बाजूंनी मोजा. ग्रासहॉपरमध्ये (आकड्यांवरून ड्रॉइंग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाडी एकाच पॅरामीटरवर ठेवा, म्हणजे तो आकडा बदलला की सगळ्या खाचा आपोआप बदलतील. मग त्याच शीटच्या कोपऱ्यात चाचणीची पट्टी कापा: जाडीपेक्षा ०.१, ०.२, ०.३ आणि ०.४ मिमी रुंद अशा चार खाचा. रबरी हातोडीच्या दोन-तीन टोल्यांत बसेल ती घ्या. नुसत्या हाताने सरकत असेल तर ती सैल आहे.

मापं बरोबर असूनही तुकडा तळापर्यंत जात नाही? कोपरे बघा. राउटरचं फिरणारं बिट, म्हणजे कापणारं पातं, आतला कोपरा काटकोनात कापूच शकत नाही. ६ मिमीच्या बिटाने ३ मिमी त्रिज्येची गोलाई उरते. ड्रॉइंगमध्येच तिथे डॉगबोन (कोपऱ्यात थोडी जास्तीची गोल खाच) द्या, नाहीतर सुताराला पटाशी घेऊन एकेक कोपरा काढत बसावं लागतं.

नेस्टिंगचं, म्हणजे शीटवर भाग दाटीने मांडणारं, सॉफ्टवेअर शीट वाचवायला भाग ९० अंशांत फिरवतं. शेल्फ किंवा तुळईसारख्या लांब भागांसाठी ही मुभा बंद करा. वरच्या थराचे रेषे लांबीच्या दिशेने नसतील तर भाग जास्त वाकतो, आणि मग जाड प्लाय घ्यावा लागून वाचवलेलं सगळं परत जातं.

डीएक्सएफ (कापण्यासाठी द्यायची ड्रॉइंगची फाइल) पाठवण्याआधी एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाका, बिट त्याच वाटेने दोनदा फिरतं. युनिटही तपासा. मिमीची फाइल इंचात उघडली तर सगळं २५.४ पट होतं. हे निदान स्क्रीनवर लगेच दिसतं, जाडीतला अर्धा मिलिमीटर दिसत नाही.